अप्पांची जीभ आणि माशांचं खाद्य

मी वर्षभर माझ्या वडिलांच्या तोंडात अळ्या घातल्या. त्यांना न सांगता, रोज सकाळी त्यांच्या तोंडाकडे बघत. हे मी पहिल्यांदाच असं सरळ लिहिते आहे. आजवर मनातल्या मनात ते बरंच घासून गुळगुळीत केलं होतं. कधी म्हणायची, खाद्यात थोडा बदल केला. कधी म्हणायची, अप्पांना सांगायचं राहून गेलं. राहूनबिहून काही गेलं नव्हतं, मी सांगितलं नाही.

आमची मिल औशाच्या बाहेर, लातूरच्या रस्त्याला आहे. आजोबांच्या वेळी तिथे करडईचा घाणा होता, अप्पांनी डाळ मिल केली, आणि मी माशांचं खाद्य सुरू केलं. मी एकुलती एक. लग्न लातूरलाच झालं, नवरा नोकरीचा, त्यामुळे मिल माझ्याकडे आली ती दुसरं कुणी नव्हतं म्हणून. रोज सकाळी लातूरहून औशाला जायचं, संध्याकाळी परत. आम्ही लिंगायत. वडिलांना अप्पा आणि आईला अव्वा म्हणायची आमची रीत, ती कर्नाटकाच्या बाजूने आलेली. घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय अप्पा पाण्याचा थेंब तोंडात घेत नसत. तापाने फणफणले असतानाही मी त्यांना हा नियम मोडताना पाहिलेलं नाही.

अप्पांची जीभ मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, सगळ्यांना माहीत होती. चिमूटभर पेंड तोंडात टाकायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, ही शेंगपेंड गेल्या सालची हाय, हिला भिंतीची ओल लागलीय, ह्या कोंड्यात कुणीतरी भुसा मिसळलाय. एकदा त्यांनी सोयापेंडेचा आख्खा ट्रक एका चिमटीवर परत पाठवला. ट्रकवाला हमरीतुमरीवर आला. शेवटी मधलं एक पोतं फोडलं तर आत बुरशीचा हिरवा गोळा निघाला. मी त्यांना चिडवायची, "अप्पा, तपासायचं मशीन विकून टाकते, तुम्हालाच टेबलावर बसवते." ते म्हणायचे, "बसव की. तुझं मशीन थुकत न्हाई, मी थुकतो."

त्यांचा हिशेब साधा होता. जे आपण तोंडात घालू शकत नाही ते गिऱ्हाइकाच्या जनावराला घालायचं नाही. डाळीच्या चुनीपासून ढेपेपर्यंत प्रत्येक मालाची चिमूट एका पितळी वाटीत त्यांच्यापुढे यायची. वजनकाट्याशेजारी त्यांचं स्टूल होतं. सकाळी नऊच्या सुमारास ते यायचे, आंघोळ, पूजा, न्याहारी सगळं उरकून, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, धोतर पांढरंशुभ्र. वाटी घ्यायचे, चाखायचे. माल वाईट असला तर थुंकायचे, चांगला असला तर गिळायचे. गिळलं की आम्ही पोती शिवायला घ्यायचो.

माशांच्या खाद्याचं मी काढलं तेव्हा ते दोन दिवस बोलले नाहीत. गावोगाव शेततळी झाली होती, त्यात लोक पंगस आणि रोहू सोडत होते, आणि खाद्य मात्र आंध्रातून यायचं. आपल्याकडे सोयाबीनचे ढीग पडलेले, आणि खाद्य बाहेरून आणायचं, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं. पण बाहेरच्या खाद्यात सुक्या माशांची भुकटी असते. तिसऱ्या दिवशी अप्पांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "कर. पण माशाला मासा चारायचा न्हाई. आपल्या मिलमधी जिवाचं काही येणार न्हाई. दाण्यातून जेवढं निघतं तेवढ्यावर कर."

मी म्हटलं, "अप्पा, ते मासे शेवटी बाजारात कापलेच जाणार ना?"

"ते माझ्या हातात न्हाई. माझ्या हातात पोतं हाय."

मी हो म्हटलं. हसत म्हटलं, कारण मला वाटत होतं की सोयापेंडेत एवढं प्रथिन असतं, माशाला आणखी काय पाहिजे. लातूरच्या माणसाला सोयाबीनबद्दल जो गर्व असतो तो माझ्यातही होता.

मासा मात्र लातूरचा नव्हता. निलंग्याकडे आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक होतं, पन्नाशीचा एक शांत गृहस्थ. दोन तळी, दोन्हींत पंगस. त्याने मला बोलावून घेतलं आणि तळ्याच्या काठावर प्लास्टिकच्या कागदावर बसवलं. आमच्या खाद्याचे मूठभर दाणे त्याने पाण्यावर टाकले. मासे वर आले. त्यांनी तोंडं उघडली, दाणा आत घेतला, आणि थोड्या वेळाने तो बाहेर सोडून दिला. सगळीकडे तेच चाललं होतं. ओले, फुगलेले दाणे तरंगत काठाला लागत होते.

"ताई, चार महिने झाले तुमचंच खाऊ घालून राहिलो," तो म्हणाला. "मासा मरत न्हाई, पण वाढून बी न्हाई राहिला. तोंडात घेतो अन् थुकतो. मी काय करू सांगा."

त्याने आवाज चढवला असता तर मी भांडले असते. पण तो खरंच विचारत होता. त्याने ते तळं मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी केलेलं होतं, हे त्याने जाता जाता सांगितलं, आणि आंध्रातलं खाद्य पुढच्या महिन्यापासून घेणार असंही सांगितलं. घरी येताना माझ्या डोळ्यांपुढे ती उघडमीट करणारी तोंडं होती. थुंकणाऱ्या जिभेचा मान काय असतो हे मला लहानपणापासून माहीत होतं.

नुसत्या दाण्यावर मासा नीट खात नाही, त्याला जिवाच्या वासाचं थोडं तरी काही लागतं, हे मी आधी वाचलं होतं आणि मानलं नव्हतं. मग मी नांदेडला गेले. शहराबाहेर भोकरच्या रस्त्याला एका बाईंची शेड होती. भाजी मंडईतला सडका माल आणून त्यावर त्या काळ्या माशीच्या अळ्या वाढवायच्या. उकळत्या पाण्यातून काढायच्या, वाळवायच्या, दळायच्या. माशांच्या भुकटीऐवजी ही चालते, असं सगळीकडे बोललं जात होतं. बाई माझ्याच वयाच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी एका ट्रेवरचं पोतं बाजूला केलं आणि म्हणाल्या, "ऐका."

अळ्या खात होत्या. हरभरा भिजत घातला की भांड्यातून जो बारीक चुरचुर आवाज येत राहतो, तोच आवाज. मी डाळ मिलवाल्याची मुलगी, तो आवाज माझ्या घरातला होता. अंगावर काटा आला तो किळसेने नाही, ओळखीने.

"उकळत्या पाण्यात टाकताना काही वाटत नाही?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यांना कळत नसावं, असं धरून चालते."

भुकटीचं एक पोतं मी डिकीत घालून आणलं. भाजलेल्या शेंगदाण्यासारखा वास होता तिला, तळाशी थोडा खवट. परतीच्या पूर्ण रस्त्यात मी अप्पांना काय सांगायचं ते जुळवत होते. ती माशी कुणाला चावत नाही, सडकंच खाते, समुद्रातला मासा वाचतो. सगळं खरं होतं. लातूर जवळ आलं तेव्हा मी ठरवलं, आधी मासे खातात का बघू, मग सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भुकटी खाद्यात मिसळली आणि पितळी वाटी अप्पांपुढे मीच ठेवली. त्यांनी चिमूट तोंडात टाकली, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ चावत राहिले. मिलचा एक पट्टा फिरत होता, त्याची लय मला अजून पाठ आहे.

"चव हाय आज," ते म्हणाले.

"शेंगपेंड जरा वाढवली अप्पा."

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. मग गिळलं. "बरं," एवढंच म्हणाले. आम्ही पोती शिवली.

निलंग्याच्या तळ्यात ते खाद्य पडलं आणि पाणी उकळल्यासारखं झालं. एकही दाणा काठाला लागला नाही. तो शांत गृहस्थ लहान मुलासारखा टाळ्या वाजवत होता, आणि मी त्याच्याबरोबर हसत होते. त्या दिवशी मला फार आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. आता सांगायला हरकत नव्हती. पण आता सांगायचं म्हणजे आधी खोटं बोलले हेही सांगायचं, आणि तुम्ही ते गिळलंत हेही. म्हणून उद्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी ती भुकटी पुन्हा त्यांच्या पोटात गेली, मग सांगणं आणखी अवघड झालं. पाप एकदाच करायचं ठरवलं तरी ते रोजच्या कामाला लागतं, हे मला तेव्हा कळलं.

त्याच सुमारास अप्पा बदलले. नऊला येणारा माणूस सातला यायला लागला. कालचंच धोतर, दाढीचे खुंट, आणि कपाळ मोकळं. भस्माशिवाय अप्पांचं कपाळ मी कधी पाहिलं नव्हतं, ते उघडं पडल्यासारखं दिसायचं. यायचे, वाटी घ्यायचे, चाखायचे, गिळायचे आणि घरी परत जायचे. मी विचारलं, "अप्पा, आंघोळ न करता?"

"सकाळी गुडघे धरतात ग. ऊन झालं की करतो."

मी म्हटलं, बरोबर आहे, वय झालं. पूजेआधी त्यांच्या तोंडात काही जातंय हे माझ्या डोळ्यांदेखत होत होतं आणि मला ते दिसलं नाही. माझं सगळं लक्ष त्यांच्या जिभेकडे होतं.

आणखी एक झालं. ते विचारायला लागले. दाणा गिळला की माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "आज काय घातलंयस यात?"

ज्या माणसाने आयुष्यात कुणाला हे विचारलं नाही, उलट लोकांनी काय घातलंय ते त्यांनाच सांगितलं, तो माणूस रोज विचारायला लागला. मी नवऱ्याजवळ बोलले की अप्पांची आठवण कमी होतेय, लातूरला डॉक्टरांना दाखवायला पाहिजे. आणि मी रोज उत्तर द्यायची. सोयापेंड, शेंगपेंड, कोंडा, गहू. पाढा म्हणावा तशी. पहिले काही दिवस आवाज कापायचा, मग कापायचा थांबला. पुढेपुढे तर मला त्या प्रश्नाचा रागही यायला लागला. "तेच अप्पा, कालचंच," म्हणून मी पोत्यांकडे वळायची. ते "बरं" म्हणायचे आणि हळूहळू फाटकाकडे जायचे.

शेवटच्या सकाळी मी फोनवर होते. गाडी वेळेवर आली नव्हती म्हणून कुणावर तरी ओरडत होते. अप्पांनी दाणा खाल्ला, स्टुलावरून उठले, माझ्याजवळ येऊन उभे राहिले. एरवी ते स्टुलावरूनच विचारायचे. "आज काय घातलंयस यात?"

मी फोनवर हात ठेवला आणि म्हटलं, "रोजचंच हो अप्पा." ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत.

आमच्यात जाळत नाहीत. माणसाला बसवून मातीत ठेवतात, हातात त्याचं लिंग देतात, अंगाला भस्म लावतात, बेल वाहतात. अप्पांच्या कपाळावर भस्म लावलं तेव्हा बऱ्याच महिन्यांनी मला माझे अप्पा दिसले. ओठांवरून हात फिरवायची वेळ आली तेव्हा मात्र मला तो फिरवता आला नाही. माझ्या मनात एकच होतं, हे तोंड मी बाटवलं आणि आता ते धुता येणार नाही. मग माती लोटली. त्या मातीच्या खाली अंधारात काय चाललं असेल हे मी त्याआधी कुणाच्याच बाबतीत मनात आणलं नव्हतं. त्यानंतर कित्येक दिवस दुसरं काही मनात आलं नाही. त्या नांदेडच्या शेडमधला आवाज माझ्या कानात होता आणि मला माहीत होतं की तो कुठून येतोय.

मिल चालूच होती. म्हातारा हमाल सवयीने पितळी वाटीत चिमूट ठेवायचा, ती अप्पांच्या स्टुलावर ठेवायचा आणि कामाला लागायचा. मी त्याला थांबवलं नाही. दुपारपर्यंत वाटी रिकामी झालेली असायची. चिमण्या असतात, खारी असतात, मला माहीत आहे. तरी मी सकाळी सात वाजता फाटकाकडे पाठ करून उभी राहायची. मागून प्रश्न येईल असं वाटायचं, आणि आला तर काय उत्तर देऊ ते अजून ठरलेलं नव्हतं.

घरात मी हरभरा भिजवणं बंद केलं. नवऱ्याने एकदा उसळीचं विचारलं, मी काहीतरी कारण सांगितलं.

वर्ष झालं. पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी मी औशाच्या घरी गेले. अव्वाने दुसऱ्या दिवशीच्या उसळीसाठी पातेलंभर हरभरा भिजत घातला होता आणि ती ओट्याशी भाजी निवडत बसली होती. स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं. पातेल्यातून तो बारीक चुरचुर आवाज येत होता. मी उठून झाकण ठेवलं, तरी येत होता. मग माझ्याच्याने राहवेना. मी खाली बसले आणि अव्वाला सगळं सांगितलं. निलंग्याचं तळं, नांदेडची शेड, ते पोतं, शेंगपेंडेचं खोटं, रोजचा पाढा. रडत नव्हते, भराभर सांगत होते, ओकून टाकावं तसं.

अव्वाचे हात थांबले नाहीत. शेवटी ती म्हणाली, "अळ्या व्हय. काय हाय ते मला ठाऊक नव्हतं."

"म्हणजे?"

"त्यायला पहिल्याच दिशी कळलं होतं. घरी आले अन् म्हणले, पोरीनं जिवाचं काही तरी घातलंय. म्या म्हणलं, तुमाला कसं कळलं, तुमी कधी खाल्लंय? तर म्हणले, दाण्यातली सगळी चव मला ठाऊक हाय. ही दाण्यातली न्हाई."

"मग थुंकले का नाहीत अव्वा? मला बोलले का नाहीत?"

"थुकलो तर पोरगी मिल बंद करंल, म्हणले. अन् खाणं बंद केलं तर तिला कळंल की मला कळलंय." अव्वाने पालेभाजीची एक काडी मोडली, बाजूला टाकली. "दुसऱ्या दिशीपासून बिनपूजेचेच जायला लागले. म्या लई भांडले. जन्मभर पूजेआधी पाणी न घेणारा माणूस. तर म्हणले, पूजा करून मग ते तोंडात घालण्यापरीस आधी घालतो, अन् आंघोळ करून मग देवापुढं बसतो. देव समजून घेईल, ती लाजंल."

"पण मग मला रोज विचारायचे कशाला?"

प्रश्न तोंडातून बाहेर पडता पडता त्याचं उत्तर मला कळलं, आणि अव्वालाही दिसलं की मला कळलं. तरी तिने सांगितलं, कारण तिच्याही पोटात ते दोन वर्षं होतं.

"तू सांगशील म्हणून. रोज घरी आले की म्या विचारायची, आज सांगितलं का पोरीनं? ते म्हणायचे, न्हाई, उद्या सांगंल. त्या दिशी बी आले, आंघोळ केली, पूजा केली, ताटावर बसले. म्या विचारलं. म्हणले, आज अगदी जवळ जाऊन विचारलं. सांगितलं असतं तिनं. पण फोनवर होती."

पातेल्यातला आवाज चालूच होता. अव्वाने उठून ताटली काढली, हरभरे वर आले होते, त्यात आणखी पाणी ओतलं आणि पुन्हा भाजी निवडायला बसली.

अजूनही मी सातलाच मिलमध्ये पोचते. वाटीतला दाणा आता मीच खाते, गिळते. मग पोत्यांच्या बाजूने तोंड करून मोठ्याने म्हणते, सोयापेंड, शेंगपेंड, कोंडा, गहू, अळी. पट्ट्याच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही. शेवटचा शब्द म्हटला की मी थोडी थांबते. अप्पा "बरं" म्हणायचे ना, त्यासाठी.